आधी यकृताला विचारा: नव्या औषधाची एन्झाइमांसमोरची परीक्षा, पायरीपायरीने

सह्याद्रीच्या कोकणाकडल्या उतारावर नरक्या नावाचं एक लहानखुरं झाड वाढतं. फुलं आली की असा दर्प सुटतो की हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. आमच्या लहानपणी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. पुढे कधीतरी कळलं की याच्या लाकडात कॅन्सरवरच्या औषधाचं मूळ आहे, आणि मग चोरटी तोड सुरू झाली.

त्या लाकडात असतं कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली मन्रो वॉल आणि मूळचे आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मुंबईत दाखवून दिलं की ते नरक्यातही आहे. पण रेणू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नसतं. सत्तरच्या दशकात त्याचा सोडियम क्षार रुग्णांना दिला तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. त्याच सांगाड्यात फेरफार करून जपानमध्ये इरिनोटेकॅन तयार झालं. जपानमध्ये त्याला १९९४ साली मान्यता मिळाली, अमेरिकेत १९९६ साली.

आणि गंमत अशी की इरिनोटेकॅन स्वतः फारसं काही करत नाही. शरीरातलं एक एन्झाइम त्याचा तुकडा तोडतं, तेव्हा खरं औषध मोकळं होतं. दुसरं एन्झाइम त्या औषधाला साखरेची शेपटी लावून बाहेर काढतं. तिसरं मूळ रेणूलाच आडवाटेने निकामी करतं. तिघांचं गणित जमलं तर गाठ आटते, बिघडलं तर पेशंट जुलाबाने आडवा होतो.

चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीकडची बी.फार्म., एम.एस्सी.ची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना रेणू कसा बनवायचा हे बरंच ठाऊक असतं. लोट्याच्या एमआयडीसीत कोणाचा तरी काका रिअ‍ॅक्टरवर असतो. पण गोळी गिळल्यावर त्या रेणूचं काय होतं, ते कसं मोजतात आणि त्यावरून रेणू ठेवायचा की टाकायचा हे कसं ठरवतात, तिथे गाडी अडते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, प्रयोगशाळेत ज्या क्रमाने काम होतं साधारण त्याच क्रमाने.

सुरुवातीला लागेल तेवढीच ओळख

औषधं बहुधा तेलकट स्वभावाची असतात, म्हणून तर ती आतड्याच्या भिंतीतून आत शिरतात. पण लघवीतून बाहेर जायचं तर पाण्यात विरघळायला हवं. ते काम मुख्यतः यकृत दोन टप्प्यांत करतं. पहिल्यात रेणूवर ऑक्सिजन बसवायचा, मिथाइल गट काढायचा, म्हणजे एक खुंटी तयार करायची. दुसऱ्यात त्या खुंटीला ग्लुकुरोनिक आम्ल (वर म्हटलेली साखरेची शेपटी ती हीच), सल्फेट, ग्लुटाथायोन किंवा असिटाइल गट अडकवायचा. कधी पहिला टप्पा गाळून थेट दुसराही होतो.

पहिल्या टप्प्यावर राज्य सायटोक्रोम पी-४५० या कुटुंबाचं. कार्बन मोनॉक्साइड बांधल्यावर ही प्रथिनं ४५० नॅनोमीटरवर प्रकाश शोषतात, म्हणून तो आकडा नावात आला. माणसात यांची ५७ चालू जनुकं आहेत, पण औषधांच्या धंद्यात रोज भेटतात ती सात-आठ. लिहिताना सीवायपी लिहितात, बोलताना आम्ही सगळे 'सिप' म्हणतो: सिप-३ए४, २डी६, २सी९, २सी१९, १ए२, २बी६, २सी८. यातलं ३ए४ सगळ्यात कामसू, आणि ते यकृताबरोबरच आतड्याच्या भिंतीतही बसलेलं असतं. दुसऱ्या टप्प्यातलं मोठं कुटुंब यूजीटी, साखरेची शेपटी लावणारं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आतड्यातून शोषलेलं सगळं आधी यकृतातून जातं, मगच उरलेल्या शरीरात. दाभोळहून धोपाव्याला जायचं तर फेरीबोटीतूनच जावं लागतं, नाहीतर मोठा वळसा. तोंडाने घेतलेल्या गोळीला तो वळसाही उपलब्ध नसतो. या पहिल्याच फेरीत यकृत नव्वद टक्के औषध मोडून टाकत असेल, तर गोळी कितीही चांगली बनवा, रक्तात दहाच टक्के पोचणार.

पहिली पायरी: रेणू यकृतात किती टिकतो

नवा रेणू हातात आला की आम्ही आधी तो मायक्रोसोमसमोर ठेवतो. यकृत वाटून, सेंट्रिफ्यूज करून पेशींमधल्या पडद्यांचे जे बारीक फुगे मिळतात ते मायक्रोसोम. औषधं मोडणारी सिप आणि यूजीटी त्यांतच असतात. अनेक दात्यांच्या यकृतांचं एकत्र केलेलं मायक्रोसोम विकत मिळतं आणि उणे ८० अंशांत ठेवावं लागतं. पावसाळ्यात लाइट जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात जनरेटरशिवाय हा फ्रीझर घेऊ नये.

मांडणी साधी आहे. फॉस्फेट बफर, पीएच ७.४, तापमान ३७ अंश. मायक्रोसोमचं प्रथिन मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम, तपासायचा रेणू १ मायक्रोमोलर. एनएडीपीएच, म्हणजे सिपना चालायला लागणारं इंधन, घातलं की घड्याळ सुरू. ०, ५, १०, २०, ३०, ४५ मिनिटांना थोडा नमुना काढून थंडगार असिटोनायट्राइलमध्ये टाकायचा, म्हणजे प्रथिन साकळतं आणि क्रिया थांबते. मग सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव एलसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर.

चुका कुठे होतात ते सांगते, कारण पुस्तकात ते नसतं.

रेणू डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, आणि तोच डीएमएसओ जास्त झाला तर सिपना दाबतो. एकूण द्रवात तो ०.२ टक्क्याच्या आतच ठेवा. मायक्रोसोम बर्फावर वितळवा, हाताच्या उबेत नको. आणि एनएडीपीएच न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी ठेवाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती नळी ठेवायला मी विसरले आणि एक रेणू 'यकृतात झपाट्याने मोडतो' असा अहवाल देऊन बसले. प्रत्यक्षात तो मोडत नव्हता, प्लास्टिकच्या प्लेटला चिकटत होता. त्यावर तीन आठवडे गेले आणि एका रसायनतज्ज्ञाने माझ्याशी बोलणं टाकलं. एनएडीपीएच नसतानाही रेणू कमी होत असेल तर कारणं तीनच: तो चिकटतो आहे, आपोआप फुटतो आहे, किंवा एस्टरेजसारखं एनएडीपीएचची गरज नसलेलं एन्झाइम त्याला खातं आहे. इरिनोटेकॅनला तोडणारं कार्बॉक्सिलएस्टरेज याच तिसऱ्या जातीचं.

सोबत एखादं ओळखीचं औषध, समजा व्हेरापामिल, लावा. त्याचा आकडा नेहमीसारखा आला नाही तर त्या दिवसाचं सगळं काम टाकून द्यायचं. इथे दयामाया नको.

दुसरी पायरी: आकडेमोड

उरलेल्या टक्केवारीचा नैसर्गिक लॉग काढा, वेळेसमोर आलेख काढा, सरळ रेषा आली तर तिचा उतार म्हणजे वेगस्थिरांक. समजा अर्ध-आयुष्य, म्हणजे निम्मा रेणू संपायला लागणारा वेळ, ३० मिनिटं आलं. ०.६९३ भागिले ३० म्हणजे मिनिटाला ०.०२३१.

मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम प्रथिन होतं, म्हणजे मिलिग्रॅममागे २००० मायक्रोलिटर द्रव. ०.०२३१ गुणिले २०००, उत्तर ४६.२ मायक्रोलिटर प्रतिमिनिट प्रतिमिलिग्रॅम. याला आंतरिक क्लिअरन्स म्हणतात: रक्तपुरवठ्याची अडचण नसती तर एन्झाइमांनी किती उरकलं असतं.

आता नळीतून माणसात. एक ग्रॅम यकृतात साधारण ४५ मिलिग्रॅम मायक्रोसोमचं प्रथिन आणि किलो वजनामागे २० ग्रॅम यकृत धरलं, तर किलोमागे ९०० मिलिग्रॅम. गुणाकार केला की मिनिटाला किलोमागे ४१.६ मिलिलिटर. पण यकृताकडे रक्तच येतं मिनिटाला किलोमागे २०.७ मिलिलिटर. पलीकडच्या धक्क्यावर कितीही हमाल उभे करा, फेरीबोट आणेल तेवढ्याच गाड्या ते रिकाम्या करणार. म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार भागिले दोन्हींची बेरीज. २०.७ गुणिले ४१.६, भागिले ६२.३, उत्तर सुमारे १३.८, हा यकृताचा क्लिअरन्स. रक्तप्रवाहाच्या दोन तृतीयांश. म्हणजे सगळं औषध शोषलं गेलं तरी पहिल्या फेरीत फक्त एक तृतीयांश वाचणार.

थांबा, निराश होऊन रेणू टाकू नका. रक्तातली प्रथिनं औषधाला धरून ठेवतात आणि धरलेलं औषध एन्झाइमांना मिळत नाही. या रेणूचा फक्त १० टक्के भाग मोकळा असेल तर ४१.६ च्या जागी ४.१६ येतं, आणि क्लिअरन्स उतरतो साधारण ३.५ वर. पहिल्या फेरीत सहावा हिस्सा जातो, बाकीचं वाचतं. हा आकडा धरायचा की आधीचा, यावर बैठकींत भांडणं होतात. माझा अनुभव असा की दोन्ही काढावेत आणि उंदरात प्रत्यक्ष मोजलेल्या क्लिअरन्सशी कोणता जुळतो ते बघावं. उंदरात पद्धत जुळली तर माणसाच्या अंदाजावर थोडा विश्वास ठेवता येतो. मायक्रोसोममध्ये दुसरा टप्पा अपुरा दिसतो, म्हणून टिकाऊ वाटलेला रेणू पुन्हा हिपॅटोसाइट, म्हणजे जिवंत यकृतपेशींत घालून बघावा.

तिसरी पायरी: कुठे चावतो आहे ते शोधा

रेणू झपाट्याने मोडत असेल तर नेमका कुठे, हे कळल्याशिवाय रसायनतज्ज्ञ काय दुरुस्त करणार? मास स्पेक्ट्रोमीटरवर वस्तुमानातला फरक बघायचा. १६ ने वाढलं तर ऑक्सिजन बसला. १४ ने घटलं तर मिथाइल गेला. १७६ ने वाढलं तर ग्लुकुरोनाइड, ८० ने वाढलं तर सल्फेट. हे चार आकडे पाठ असले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तुकड्यांच्या नक्षीवरून जागा ओळखणं, आणि ते शिकायला वर्षं लागतात.

जागा कळली की उपाय बरेच आहेत. चाव्याच्या ठिकाणी फ्लोरिन बसवायचा, तो सिपला सहजी तोडता येत नाही. हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम घालून क्रिया मंदावायची. अशा तऱ्हेचं पहिलं औषध ड्युटेट्राबेनाझिन २०१७ साली अमेरिकेत मान्य झालं. कधी उलटी युक्ती लागते: मेटाबोलाइट, म्हणजे शरीराने बदललेला रेणू, हाच मूळ रेणूपेक्षा सरस निघतो आणि तोच औषध म्हणून विकायचा. अ‍ॅलर्जीवरचं टर्फेनाडीन यकृत जवळजवळ पूर्ण बदलून टाकत असे. ३ए४ दाबणारं दुसरं औषध सोबत घेतलं की मूळ टर्फेनाडीन रक्तात साचे आणि हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडत. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. त्याच्या जागी आलेलं फेक्सोफेनाडीन म्हणजे टर्फेनाडीनचा मेटाबोलाइटच, हृदयाच्या त्या धोक्याशिवाय. आज सर्दी-शिंकांना ते सर्रास दिलं जातं.

याच पायरीवर विषारी मेटाबोलाइटही पकडायचे. पॅरासिटामॉलचं बहुतांश सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड होऊन निघून जातं, पण थोडं सिप-२ई१ वगैरेंच्या तावडीत सापडतं आणि नॅपकी नावाचा चिडका रेणू तयार होतो. ग्लुटाथायोन शिल्लक असेपर्यंत तो शमतो, जास्त गोळ्या घेऊन साठा संपला की यकृताच्या पेशी मरतात. म्हणून नव्या रेणूच्या इन्क्युबेशनमध्ये ग्लुटाथायोन घालून बघतात. त्याच्याशी जोडी जमली तर पूर्वसूचना मिळाली असं समजायचं. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या ढिगाभोवती घोटाळणाऱ्या मांजरांना दुसऱ्या टप्प्यातलं हे ग्लुकुरोनाइड बनवणं नीट जमत नाही. दुखऱ्या मांजराला पॅरासिटामॉल दिलं तर ते जिवानिशी जाऊ शकतं.

चौथी पायरी: काम कोण करतं

इथे दोन वाटांनी जायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघायचं. एक, प्रत्येक सिप वेगवेगळं बनवलेलं मिळतं, त्यांच्यासमोर रेणू ठेवायचा. दोन, पूर्ण मायक्रोसोममध्ये एकेका सिपला दाबणारं औषध घालायचं आणि कोणामुळे मोडणं थांबतं ते पाहायचं. ३ए४ साठी कीटोकोनॅझोल, २डी६ साठी क्विनिडीन, २सी९ साठी सल्फाफेनाझोल, १ए२ साठी फ्युराफिलीन.

याचं महत्त्व एका भागाकारात आहे. औषधाचा जो हिस्सा एका एन्झाइमवर अवलंबून आहे तो १ मधून वजा करा आणि उत्तराने १ ला भागा. ते एन्झाइम पूर्ण बंद पडलं तर रक्तातलं औषध तितक्या पट वाढेल. हिस्सा निम्मा असेल तर दुप्पट. नव्वद टक्के असेल तर दहापट. ५० वरून ९० पर्यंत जाताना धोका दुप्पटसुद्धा होत नाही असं वाटतं, पण होतो पाचपट. म्हणून एकाच एन्झाइमच्या भरवशावरचा रेणू मला कधीच आवडत नाही, कितीही गुणी असला तरी. नियामक संस्थाही साधारण २५ टक्क्यांपुढे हिस्सा गेला की माणसांतला परस्परक्रियेचा अभ्यास मागतात.

पाचवी पायरी: आपला रेणू दुसऱ्यांची वाट अडवतो का

आता प्रश्न उलटा. आपलं औषध घेणाऱ्या माणसाच्या डब्यात रक्तदाबाची, मधुमेहाची, कोलेस्टेरॉलची गोळी असतेच. आपल्या रेणूने त्या गोळ्या मोडणारं एन्झाइम अडवलं तर?

प्रत्येक सिपचं एक ठरलेलं गिऱ्हाईक असतं, त्याला प्रोब म्हणतात: ३ए४ साठी मिडाझोलाम, २डी६ साठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन, २सी९ साठी डायक्लोफेनॅक, १ए२ साठी फेनॅसेटिन. आपला रेणू वाढत्या प्रमाणात घालत प्रोब मोडणं किती मंदावतं ते मोजायचं. मग तोच प्रयोग पुन्हा, पण या वेळी रेणू आणि एनएडीपीएच आधी ३० मिनिटं एन्झाइमसोबत ठेवून. दुसऱ्या वेळी अडवणूक लक्षणीय वाढली तर समजायचं की रेणू एन्झाइमला कायमचा ठोकतो आहे. अशा वेळी औषध थांबवलं तरी नवं एन्झाइम तयार होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, परिणाम राहतो.

ग्रेपफ्रूट हेच करतं. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली यांचा गट फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा परिणाम तपासत होता. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध भलतंच चढलं. रसातले फ्युरॅनोकुमारीन आतड्यातलं ३ए४ निकामी करतात. आपल्याकडे ग्रेपफ्रूट क्वचितच दिसतं, पण दक्षिण कोकणात गणपतीच्या माटवीला टांगतो ते पपनस त्याच कुळातलं, आणि त्यातही हे पदार्थ असतात. किडनी बदलल्यावर देतात ते सायक्लोस्पोरिन पपनसाच्या रसाने रक्तात वाढल्याचं माणसांत मोजलेलं आहे. किडनी बदललेल्या माणसाने माटवीवरचं पपनस सोलून खाण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

परसातली मिरीही या यादीत आहे. तिच्यातलं पायपरीन ३ए४ ला अडवतं आणि औषधाला पेशीबाहेर ढकलणाऱ्या पंपालाही. भारतात याचा मुद्दाम उपयोग केला गेला: जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या कामावर आधारलेली, रिफॅम्पिसिनसोबत १० मिलिग्रॅम पायपरीन घातलेली क्षयरोगाची गोळी २००९ साली बाजारात आली. नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिनवर भागवायचं, हा हेतू. आमटीतल्या मिरीने मात्र एवढं काही होत नाही. कोविडच्या पॅक्सलोविडमध्ये रिटोनाव्हिर घालण्यामागे हाच डाव आहे. त्यातलं विषाणूवर काम करणारं औषध निर्मॅट्रेलव्हिर, आणि ३ए४ ने ते लवकर खाऊ नये म्हणून रिटोनाव्हिर पहाऱ्याला.

अडवण्याच्या उलट प्रकार म्हणजे एन्झाइम वाढवणं. रिफॅम्पिसिन यात सगळ्यांचा बाप. ते पेशीतल्या पीएक्सआर या रिसेप्टरला जागं करतं आणि यकृत जास्त ३ए४ बनवू लागतं. क्षयाचा कोर्स चालू असताना गर्भनिरोधक गोळी फसते ती यामुळे. हे मायक्रोसोममध्ये दिसत नाही, कारण नवं प्रथिन बनवायला जिवंत पेशी लागते. निदान तीन वेगवेगळ्या दात्यांच्या यकृतपेशींत रेणू दोन-तीन दिवस ठेवून ३ए४, १ए२, २बी६ चं एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा पेशीतला निरोप, मोजतात. दुपटीहून वाढलं आणि मात्रेबरोबर वाढत गेलं तर पुढची चौकशी.

सहावी पायरी: प्राण्यांवर किती भरवसा ठेवायचा

माणसाआधी प्राण्यांत सुरक्षितता तपासावी लागते. पण प्राणी म्हणजे छोटा माणूस नव्हे. कुत्र्यात असिटाइल गट लावणारं एन्झाइमच नसतं. दालचिनीतलं कुमारीन उंदराचं यकृत विषारी वाटेने नेतं. माणसात सिप-२ए६ त्याला बहुतांशी निरुपद्रवी वाटेने काढून टाकतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही खरी दालचिनी आणि तिच्यात कुमारीन मुळात अगदी थोडं, त्यामुळे मसाल्याची काळजी नको. पण फक्त उंदरावर निकाल लावला असता तर माणसाबद्दल चुकीचं मत झालं असतं. इरिनोटेकॅनचंही तेच. लहान घरगुती उंदराच्या (माउसच्या) रक्तातच कार्बॉक्सिलएस्टरेज भरपूर असतं, त्यामुळे त्याच्यात खरं औषध माणसापेक्षा कितीतरी जास्त तयार होतं आणि गाठी बघताबघता विरघळतात. माणसात तेवढा चमत्कार होत नाही.

यासाठी सगळ्या प्राण्यांच्या आणि माणसाच्या यकृतपेशींत एकाच वेळी रेणू घालून मेटाबोलाइटांची यादी शेजारी शेजारी लावायची. माणसात बनणारा प्रत्येक मोठा मेटाबोलाइट विषशास्त्राच्या चाचणीतल्या एका तरी प्राण्यात बनतो का, एवढंच बघायचं. पुढे माणसांत एकूण औषधजन्य पदार्थांच्या १० टक्क्यांहून जास्त दिसणाऱ्या मेटाबोलाइटची सुरक्षितता स्वतंत्रपणे दाखवावी लागते.

जातीजातींतला हा फरक न बघण्याची किंमत आपल्या किनाऱ्याने पाहिली आहे. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावसारख्या ठिकाणी उरलीसुरली गिधाडं जपावी लागली, कारण गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाई. त्यांच्या शरीरातून ते फार सावकाश निघतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. २००४ मध्ये हे कारण उघड झालं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. पर्याय म्हणून असिक्लोफेनॅक वापरात आलं. पण गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं! गाईच्या यकृताला आधीच विचारलं असतं तर २०२३ साली पुन्हा बंदी घालायची वेळ आली नसती. मेलॉक्सिकॅम गिधाडांच्या शरीरातून झटपट निघून जातं, म्हणून ते चालतं.

सातवी पायरी: माणसं सारखी नसतात

१९७५ साली लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ या शास्त्रज्ञाने अभ्यासासाठी डेब्रिसोक्विन ही रक्तदाबाची गोळी स्वतः घेतली. सहकाऱ्यांना काही झालं नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र कोसळला. पुढे कळलं की त्यांच्या शरीरात ती मोडणारं एन्झाइम, आज आपण २डी६ म्हणतो ते, चालतच नव्हतं. याच २डी६ च्या काही लोकांत जादा प्रती असतात; त्यांच्यात कोडीनचं मॉर्फीन इतक्या वेगाने होतं की टॉन्सिल काढलेली लहान मुलं दगावली. २०१३ मध्ये अमेरिकेत त्यावर कडक इशारा छापणं सक्तीचं झालं.

आपल्यासाठी दोन जनुकं विशेष महत्त्वाची. एक एनएटी२: क्षयाच्या आयसोनियाझिडला असिटाइल लावण्याचं काम याचं, आणि भारतात सावकाश लावणारे लोक खूप आहेत. दुसरं २सी१९: अँजिओप्लास्टीनंतर देतात ते क्लोपिडोग्रेल याच्यामुळे जागं होतं, आणि त्याला मंदावणारा जनुकबदल भारतीयांमध्ये युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. त्यामुळे युरोपातल्या स्वयंसेवकांवर ठरवलेला डोस इथे जसाच्या तसा बसेल असं गृहीत धरणाऱ्या संघाला मी पहिल्याच बैठकीत टोकते. माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीतच स्वयंसेवकांची जनुकं तपासून ठेवा. नंतर एखाद्याच्या रक्तातलं औषध इतरांपेक्षा पाचपट भरलं तर कारण शोधायला परत त्याच्या दारात जावं लागत नाही.

इरिनोटेकॅनची शेवटची गाठ इथेच. त्याच्यापासून बनणारं खरं औषध एसएन-३८, आणि त्याला बाहेर काढतं यूजीटी१ए१. बिलिरुबिनलाही तेच काढतं. ज्यांच्या या जनुकाच्या सुरुवातीला दोन अक्षरांची एक जोडी जास्त असते, त्यांच्यात एन्झाइम कमी बनतं. दोन्ही प्रती तशा असल्या तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरू शकतात. २००५ साली अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद आली. जुलाबांचं कारण आणखी गमतीचं: यकृताने लावलेली साखरेची शेपटी आतड्यातले जिवाणू कापून टाकतात आणि औषध पुन्हा मोकळं होतं. त्यात ३ए४ दाबणारं औषध जोडीला आलं तर निकामी करणारी आडवाटही बंद होते.

घरच्या घरी नव्हे, पण कॉलेजात करता येईल असं

एलसी-एमएस नाही म्हणून हात बांधून बसू नका. ओळखीच्या मटणवाल्याकडून बकऱ्याची ताजी कलेजी सकाळीच बर्फावर घेऊन या. थंड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, ग्रॅमला तीन-चार मिलिलिटर, वाटून ९००० जी वेगाने २० मिनिटं थंड सेंट्रिफ्यूज करा. वरची चरबी बाजूला सारून मधला लालसर द्रव घ्या. याला एस-९ म्हणतात. त्यात बफर, मॅग्नेशियम क्लोराइड, अगदी थोडं ट्रायटन एक्स-१०० (पडदे सैल करणारा साबणासारखा द्रव), पॅरा-नायट्रोफिनॉल आणि यूडीपी-ग्लुकुरोनिक आम्ल (शेपटीची साखर पुरवणारं) घालून ३७ अंशांत अर्धा तास ठेवा. ट्रायक्लोरोअसेटिक आम्लाने थांबवा, सेंट्रिफ्यूज करा, सोडियम हायड्रॉक्साइड घालून ४०५ नॅनोमीटरवर वाचा. यूजीटीने जितकं पॅरा-नायट्रोफिनॉल बांधलं तितका पिवळा रंग फिका होतो. ट्रायटन विसरलात तर रंग फारसा उतरणार नाही, कारण यूजीटी पडद्याच्या आतल्या बाजूला लपलेलं असतं. पॅरा-नायट्रोफिनॉल विषारी आहे, हातमोजे घाला. एक नळी यूडीपी-ग्लुकुरोनिक आम्लाशिवाय ठेवा. आणि उरलेली कलेजी, जी वाटलेली नाही आणि प्रयोगशाळेत नेलेली नाही तीच फक्त, संध्याकाळी तव्यावर टाकायला हरकत नाही.